ससिकरक्षण लीळेचा आचारार्थ

सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामींच्या लीळांपैकी ससिकरक्षणाची लीळा ज्याला ठाऊक नाही असा उपदेशी विरळाच. म्हाइंभटांनी ती लीळाचरित्रात अगदी थोड्या वाक्यांत नोंदविली आहे. मठातील बालसाधकापासून वृद्ध वासनिकापर्यंत ती सर्वांना मुखोद्गत असते. परंतु अतिपरिचयाने जे घडते ते येथेही घडले आहे. लीळा सांगितली जाते, स्वामींच्या कृपाळूपणाने श्रोत्यांचे डोळे पाणावतात, आणि तिच्यातून साधकाने कोणता आचार घ्यावा हा विचार मागे राहतो. नांदेड-लातूरच्या परिसरात आज पाळीव आणि रानटी जीवांची जी स्थिती आहे ती पाहता हा विचार अधिक काळ मागे ठेवणे बरे नाही.

प्रसंग थोडक्यात असा. शिकाऱ्यांनी रानात एका सशामागे कुत्री सोडली. ससा जिवाच्या आकांताने धावत आला आणि आसनस्थ असलेल्या स्वामींच्या जानुतळी दडला. मागोमाग कुत्री आली, त्यांच्यामागून शिकारी आले. त्यांनी ससा मागितला. तो येथे शरण आला आहे, असे स्वामींनी सांगितले. तेव्हा शिकाऱ्यांनी आपली अडचण मांडली. ससा पैजेचा होता. तो हाती लागला नाही तर आपसांत शस्त्रे निघावयाची होती. स्वामींनी त्यांस निरूपण केले. रानात राहणारे, तृण आणि पाणी यांवर जगणारे हे जीव. त्यांना का मारावे, असा त्या निरूपणाचा आशय. शिकाऱ्यांच्या चित्तात ते उतरले आणि ते निघून गेले. ते गेल्यानंतर स्वामींनी जानु उचलली, सशाला महात्मा या शब्दाने संबोधिले आणि त्यास जाण्याची आज्ञा केली. ससा गेला.

या लीळेतील तीन गोष्टींवरून वाचणाऱ्याची दृष्टी सहसा घसरून जाते. पहिली गोष्ट पैजेची. त्या दिवशी त्या रानात कोणी उपाशी नव्हते. सशाचा जीव जाणार होता तो पोटासाठी नव्हे, कोणाचे कुत्रे अधिक वेगवान हे ठरविण्यासाठी. दुसरी गोष्ट कुत्र्यांची. स्वामींनी कुत्र्यांना दोष दिल्याचे लीळेत कोठेही नाही. निरूपण झाले ते मनुष्यांना. पशुदेह ही भोगयोनी होय. तेथे विधिनिषेधाचे ज्ञान नाही. कुत्रे सशामागे धावते हा त्याचा जातिस्वभाव; त्याला धावावयास लावणाऱ्याचा हात मात्र ज्ञानाधिकारी मनुष्याचा असतो. दोष त्या हातापाशी येऊन थांबतो. तिसरी गोष्ट अखेरच्या आज्ञेची. स्वामींनी ससा वाचविला, पण ठेवून घेतला नाही.

येथे एक शंका संभवते, आणि ती घेणारा साधक आळशी नसून दक्षच असतो. तो म्हणतो, भागवताच्या पाचव्या स्कंधात राजा भरताची कथा आहे. सर्वसंगपरित्याग करून नदीतीरी तप करणाऱ्या भरताने प्रवाहात पडलेले हरिणाचे पाडस करुणेने उचलले, वाढविले, त्याच्यात चित्त गुंतविले, आणि अंतकाळी त्याचेच स्मरण राहून त्याला मृगाचा जन्म घ्यावा लागला. मग अनुसरलेल्या पुरुषाने पशूंच्या हिताच्या मागे लागणे हा आसक्तीचाच प्रकार नव्हे काय? पाणी गाळून घ्यावे, पाऊल पाहून टाकावे, आपल्या हातून जीव मरू नये एवढे सांभाळावे. त्यापलीकडे प्रपंच कशाला?

शंका योग्य आहे, परंतु तिचा परिहार ससिकरक्षणातच आहे. भरताचा दोष पाडस उचलण्यात नव्हता. त्याने ते उचलले नसते तर तो बुडत्या जिवाकडे पाहत बसलेला तपस्वी झाला असता, आणि त्या तपाला कोणी तप म्हटले नसते. दोष घडला तो पुढे, पाडस चालू लागल्यावर, कळप जवळ असताना, ते आपले वाटू लागल्यावर. रक्षण आणि ममत्व या दोन भिन्न गोष्टी आहेत. भरताच्या हातून पहिलीतून दुसरी उपजली आणि स्वामींनी ती उपजू दिली नाही. कृपा पूर्ण केली आणि जीव मोकळा केला. त्यातही क्रम पाहावा. शिकारी दृष्टिआड झाल्यावर जानु उचलली गेली. संकट दूर होण्यापूर्वी सोडून देणे हेही रक्षण नव्हे.

आता येथून पुढे निरूपण थोडे सूक्ष्म होते. जाण्याची ही आज्ञा कोणत्या जीवाला करता येते? सशाला करता येते, कारण त्याचे घर रानात आहे, अन्न रानात आहे, त्याचे कुळ रानात आहे. हीच आज्ञा गोठ्यातील म्हाताऱ्या बैलाला केली तर तिचा अर्थ काय होईल? ओसरीवर वाढलेल्या कुत्र्याला गावाबाहेर नेऊन केली तर काय होईल? त्या जीवांचे रान मनुष्याने शेकडो पिढ्यांपूर्वी काढून घेतले आणि त्यांना आपल्या दाराशी बांधले. त्यांना जावयास जागा उरलेली नाही. म्हणून दयेचे रूप दोन ठिकाणी दोन प्रकारचे होते. रानच्या जीवाला वाचवून सोडावे. दारच्या जीवाला अखेरपर्यंत सोडू नये. आज लोकांत नेमके उलटे आचरण दिसते. रानचा राघू पिंजऱ्यात बसविला जातो आणि दारचा बैल, दारचे कुत्रे बेवारस सोडले जाते.

राघूची गोष्ट आधी घ्यावी, कारण पुष्कळ धार्मिक घरांत पिंजरा टांगलेला आढळतो आणि राघूला नाम शिकविले म्हणून पुण्य लाभते अशी समजूतही असते. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने निषिद्ध आहे. कायदा नसता तरीही प्रश्न राहिलाच असता. ज्याला पंख दिले आहेत त्याला हातभर जागेत कोंडून त्याच्या तोंडून देवाचे नाव ऐकणे, यात कोणाचे कल्याण आहे? बाजारात आलेला एक राघू म्हणजे ढोलीतून काढलेली कितीतरी पिले असतात, आणि त्यांतील अनेक वाटेतच मरतात. पिंजरा विकत घेणारा त्या सर्वांच्या मृत्यूचा भागीदार असतो.

रानच्या जीवांविषयी लातूरची स्थिती आणखी निराळी आहे. या जिल्ह्यात वनाचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी आहे. म्हणजे येथील काळवीट, ससा, खोकड, लांडगा यांना अरण्य असे नाहीच. गायरान, माळ, ओढ्याकाठची झुडपे आणि शेतांचे बांध एवढाच त्यांचा संसार. सोयाबीन उगवून वर आले की काळवीट शेतात उतरते, रानडुक्कर रात्रीत वाफा उकरून टाकते, आणि ज्याचे वर्ष त्या वाफ्यावर अवलंबून आहे त्या शेतकऱ्याला अहिंसेचे निरूपण गोड लागत नाही. ते गोड लागत नाही याचा राग निरूपणकाराने धरू नये. त्याचे नुकसान खरे आहे. वनविभागाकडून पीकनुकसानीची भरपाई मिळते, तिच्यासाठी तक्रार विनाविलंब नोंदवावी लागते. गावातील लिहिता-वाचता वासनिक अशा शेजाऱ्याबरोबर कागद घेऊन गेला तर तेही जीवरक्षणच होय. कारण भरपाई न मिळालेला शेतकरी कुंपणात थेट वीज सोडतो. त्या तारेला काळवीट चिकटते तसा पहाटे पाणी द्यावयास निघालेला शेजारचा मुलगाही चिकटतो. सौर कुंपणाचा झटका क्षणिक असतो. जनावर दचकते, मागे फिरते, मरत नाही. खर्चाची अडचण असेल तर चार शेतांनी मिळून ते करावे.

विहिरींचाही विचार व्हावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले होते. १२ एप्रिल रोजी पहिली गाडी सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन आली, हे त्या पिढीच्या स्मरणात आहे. मनुष्यांसाठी गाडी आली, गुरांसाठी चारा छावण्या उघडल्या. माळावरच्या जीवांसाठी काय होते? कोरड्या ओढ्यातून पाण्याच्या वासाने येऊन बिनकठड्याच्या विहिरीत पडणे. अशा विहिरीला कठडा बांधणे हे एका उन्हाळ्याचे काम आहे. ते न जमल्यास आत उतरती फळी किंवा जाड दोराचे जाळे सोडावे, म्हणजे पडलेले खोकड किंवा उदमांजर आपणच वर चढते. पाणवठा ठेवावयाचा तर तो उथळ असावा, त्यात दगड ठेवावा म्हणजे मधमाशी आणि चिमणी बुडत नाही, आणि तो रस्त्यापासून व कुत्र्यांच्या वावरापासून दूर असावा. काठावर कुत्री दबा धरून बसत असतील तर पुण्यासाठी ठेवलेले पाणी सापळा होते.

सुगीत हमखास घडणारा एक प्रकार येथेच सांगणे उचित आहे. कापणी चालू असता सशाची पिले किंवा काळविटाचे पाडस गवतात एकटे सापडते. आई सोडून गेली अशा समजुतीने दयाळू मनुष्य ते घरी आणतो, गाईचे दूध पाजतो, आणि तीन-चार दिवसांत ते मरते. वस्तुतः ससाण आपली पिले दडवून दूर राहते आणि संधिप्रकाशात येऊन त्यांना पाजते. हरिणीही पाडसाला गवतात लपवून चरावयास जाते. शत्रूला पिलाचा माग लागू नये हा त्यात हेतू. तेवढा पट्टा कापावयाचा ठेवून माणसांनी दूर व्हावे हीच तेथे दया. जखमी जीव आढळल्यास वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. भरत होण्याची घाई करू नये.

नांदेड जिल्ह्याच्या उत्तरेकडे गेले की दृश्य पालटते. किनवट आणि माहूर येथे सागाचे डोंगर आहेत, पैनगंगेपलीकडे यवतमाळ जिल्ह्यात टिपेश्वरचे अभयारण्य आहे. माहूर हे परमार्गीयांना कोणत्या कारणाने वंदनीय आहे हे सांगणे नको. श्रीदत्तात्रेयप्रभूंनी व्याघ्ररूपाने येऊन श्रीचक्रपाणी महाराजांच्या मस्तकी पंजा ठेवला तो याच डोंगरात. ज्या परंपरेत शक्तिस्वीकार वाघाच्या पंजाने झाला, तिच्या अनुयायांनी वाघाचे नाव निघताच काठ्या शोधाव्यात हे विसंगत दिसते.

२०१९ साली टिपेश्वरातील एक तरुण नर वाघ स्वतःचे रान शोधीत निघाला. फेब्रुवारीत त्याच्या गळ्यात शास्त्रज्ञांनी संदेश देणारा पट्टा बसविला होता, म्हणून त्याची वाट लोकांना कळली. जूनमध्ये निघून तेलंगणातील आदिलाबादकडून, नांदेड, हिंगोली अशा जिल्ह्यांतून तो डिसेंबरात बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तेराशे किलोमीटरांची ही वाट. तो बहुतेक रात्री चालला, नाल्यांच्या आणि पिकांच्या आडोशाने चालला. एवढ्या वाटेत त्याने कोणा मनुष्याचा बळी घेतला नाही. हिंगोलीकडे एक जण जखमी झाला तो वाघ झुडपात विसावला असता तेथे शिरू पाहणाऱ्या घोळक्यातील होता. नित्य अटनाचा नियम ज्यांना आहे त्यांनी या अटनाकडे जरा निराळ्या दृष्टीने पाहावे. कितीएक गावांच्या शिवारांतून तो गेला आणि गावाला पत्ताही लागला नाही. त्याला जाण्यास सांगण्याची गरज नव्हती; वाटेत घोळका न करणे एवढेच मनुष्यांचे काम होते.

माहूरच्याच वाटेवर यात्रेकरू वानरांना फुटाणे, बिस्किटे देतात. भाव चांगला, परिणाम वाईट. हातून घेण्याची सवय लागलेले वानर उद्या पिशवी हिसकावते, चावते, आणि मग त्याच्याच बंदोबस्ताची मागणी होते.

आता दारच्या जीवांकडे वळावे. नांदेड आणि लातूर हे जिल्हे या बाबतीत संपन्न आहेत. कंधारचा लाल कंधारी आणि देवणीचा देवणी ही दोन गोवंशांची नावे या भूमीवरूनच पडली. देवणीत वानेरा, बाळंक्या आणि शेवेरा असे भेद शेतकरी दुरून सांगतो. लाल कंधारी कोरड्या चाऱ्यावर आणि उन्हात तग धरतो. लोहा तालुक्यातील माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते तेव्हा हे बैल, घोडे, उंट, गाढवे आणि कुत्री यांनी माळ भरून जातो. परमार्गीय तेथे देवदर्शनास जात नाही, पण जनावर घ्यावयास वासनिक शेतकरी जातोच. त्याने तेथे काय पाहावे? दात आणि खांदा तो पाहतोच. गाढवाच्या पाठीवरची खोगिराखालची जखम, टेम्पोत दाटीवाटीने कोंबलेल्या वासरांचे सोलपटलेले गुडघे, नव्याने ओवलेल्या वेसणीखालची पिकलेली नाकपुडी हेही पाहावे, आणि विकणाऱ्याला त्याविषयी विचारावे. गिऱ्हाईक विचारू लागले की विकणारा काळजी घेऊ लागतो. १९६० पासून प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे. पण माळावर कायद्यापेक्षा गिऱ्हाइकाचा प्रश्न लवकर पोहोचतो.

बैल थकला म्हणजे खरी परीक्षा होते. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, ज्याला पुरणपोळी चारली, तो नांगराला चालेनासा झाल्यावर त्याचे काय करावे? २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीस बंदी आहे. बंदीने सुरी थांबली, परंतु दावणीचा चारा बंदीने येत नाही. दुष्काळी वर्षात म्हातारा बैल रात्री दूरच्या शिवारात सोडून देणारा शेतकरी निर्दयच असतो असे नाही. पुष्कळदा तो रडत परततो. त्याला दूषण देण्याआधी गावातील सधन वासनिकांनी एक-दोन अशा बैलांचा चारा आपल्याकडे घ्यावा. मठाच्या नावे अन्नदानाच्या पंगती होतात. त्यातील एका पंगतीचा खर्च कडब्याच्या गंजीवर झाला तर पंगत वाया गेली असे कोणी म्हणणार नाही. आजारी जनावरासाठी १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे, हेही अनेकांना ठाऊक नसते.

आणि कुत्रे. लातूर जिल्ह्यातील चाकूर तालुक्यात जानवळ या गावाची ख्याती कारवान कुत्र्यांमुळे आहे. लांब पाय, खोल छाती, वाऱ्याचा वेग. ही जात पिढ्यान्‌पिढ्या सशामागे धावण्यासाठीच जोपासली गेली. म्हणजे लीळेतील कुत्र्यांचे आप्तच या परिसरात नांदत आहेत, आणि ससाही त्याच माळावर आहे. कुत्रे जोपासणे निंद्य नाही. शेतावर राखण करणारे, मालकावर जीव टाकणारे असे जनावर पाळणाऱ्याला अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. मात्र रात्री मोटारसायकलच्या उजेडात सशामागे कुत्री सोडून त्यावर पैजा लावणे हा गुन्हाही आहे आणि आठशे वर्षांपूर्वी स्वामींनी ज्याचे निवारण केले तोच व्यवहारही आहे. (लीळेतील शिकाऱ्यांवरून एखाद्या जमातीला बोल लावणे मात्र अनुचित. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरविल्या, त्याचा डाग १९५२ साली तो कायदा रद्द झाल्यावरही पुसला गेला नाही. लीळेतील शिकाऱ्यांनी तर एकदा ऐकले आणि सोडले. आजचे हौशी शिकारी बहुधा गाडीवाले असतात.)

बेवारस कुत्र्यांचा प्रश्न याहून अवघड, कारण तेथे दया दयेच्या विरुद्ध उभी राहते. गावाबाहेर सोडलेली कुत्री टोळीने राहतात, माळावर हरिणांची पाडसे मारतात, खोकडांना आणि लांडग्यांना रोग देतात. गावात लहान मुलांना चावतात. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यानंतर रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. अशा कुत्र्यांना विष घालणे हिंसा आहे आणि निरुपयोगीही आहे. रिकामी जागा दुसरी टोळी भरून काढते. नुसती पोळी टाकणे हीही पूर्ण दया नव्हे, कारण पोळीने पिले वाढतात आणि त्या पिलांतील बहुतेक पहिल्या वर्षातच चाकाखाली किंवा रोगाने मरतात. २०२३ च्या नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरण ही जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांवर ठेवली आहे; २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके यांच्या आवारातील कुत्र्यांविषयी अधिक कडक आदेश दिले. नगरपरिषदेकडे हे काम मागणे, कुत्री पकडून देण्यास साहाय्य करणे आणि शस्त्रक्रियेनंतर त्यांची काळजी घेणे हे पोळी टाकण्यापेक्षा कष्टाचे आहे. कुत्रे चावल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस घ्यावी. तिखट, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये.

मठात कुत्रे पाळावे काय, असे विचारले जाते. भिक्षूचे स्वतःचे असे काहीच नसते, तेथे कुत्रे कोठून असणार? परंतु वेशीवर भुंकलेले कुत्रे दुसऱ्या दिवशी झोळीमागे येऊ लागते, तिसऱ्या दिवशी ओट्याखाली निजते. त्याला घास द्यावा. नाव ठेवू नये. अटनास निघताना ते वेशीपर्यंत येईल, पुढेही येऊ पाहील. त्याला मागे परतविण्यापूर्वी गावातील एखाद्या वासनिकाच्या ओसरीची त्याला ओळख करून द्यावी, आणि त्या वासनिकाला कुत्र्याची लस केव्हा टोचली हे विचारून घ्यावे.